पतीचा रकाना

माझं पहिलं बाळंतपण कराचीत झालं. हे सांगितलं की आजही समोरचा माणूस मला पायापासून डोक्यापर्यंत बघतो. बाई निमगाव केतकीची, बाजारात पानं विकत बसणारी, आणि बाळंतपणाला कराचीला? मी जणू हवा बदलायला गेले होते.

रीत होती म्हणून गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत आम्हा मुसलमान तांबोळ्यांत आहे, माळ्यांत आहे, धनगरांत आहे, सगळ्या गावात आहे. सातवा महिना लागला की माहेरचा मुराळी येतो आणि लेकीला घेऊन जातो. माझं माहेर बारामतीचं. पण मी लग्न होऊन निमगावला आले त्याच वर्षी फाळणी झाली, आणि पुढच्या थंडीत थोरल्या भावाने आईवडिलांना कराचीला नेलं. भाऊ तिथल्या बंदरात आधीपासून कामाला होता. इंग्रजांच्या वेळी आमच्याकडची माणसं मुंबईला जावं तशी कराचीला जायची. मुंबईत आगबोटीत बसायचं, कराचीला उतरायचं. वडील तिकडे गेले म्हणजे माहेर तिकडे गेलं, एवढंच आम्हाला कळलं. माहेर आता दुसऱ्या देशात आहे हे सगळे बोलत होते, पण त्याचा बाळंतपणाशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या सासऱ्यांच्याही नाही, आणि सासरे गावात शहाणे समजले जात. मळेवाल्यांच्या भांडणात लोक त्यांना बोलवायचे.

तेव्हा भाऊ मुराळी म्हणून आला. सासऱ्यांनी निमगावच्या पानमळ्यातली निवडक पानं ओल्या फडक्यात गुंडाळून, करंडीत बसवून व्याह्यांसाठी दिली. नवऱ्याला मी मालक म्हणते, आमच्याकडे बायका तसंच म्हणतात. मालक भिगवणपर्यंत सोडायला आले. स्टेशनावर म्हणाले, "बाळंत झालीस की सव्वा म्हयन्यानं न्यायला येतो." तिकिटाखेरीज आम्हाला वाटेत कुणी काही विचारलं नाही.

लेक झाली. आईने पोट बांधलं, कान बांधले, खाटेखाली शेगडी ठेवली. चाळीस दिवस बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. ते चाळीस दिवस सरत आले आणि वडील बाजारातून बातमी घेऊन आले की हिंदुस्थान सरकार कायदा काढणार आहे, यापुढे तिकडे जायचं तर परवाना लागेल. वडील म्हणाले, "पोरीला आत्ताच बोटीत बशिवतो." आई ऐकेना. "न्यायला कुणी आलं न्हाय आन लेक पाठवली, तर टाकल्यावानी दिसंल. सासरचं माणूस येऊ द्या, लुगडं-चोळी आणू द्या, रीतीनं न्हेऊ द्या." वडिलांनी बोटीचा विषय सोडला. त्या आठवड्यात मी बोटीत बसले असते तर पुढचं काही लिहायला उरलं नसतं. आईचा राग मला आयुष्यभर आला, आणि आईची चूक मात्र मला अजून सापडलेली नाही. तिच्या जागी मी असते तर तेच बोलले असते.

कायदा झाला. मी परदेशी झाले ती अशी, खाटेवर पडल्या पडल्या, बाळंतशेपा चघळत.

मालक न्यायला निघाले ते लुगडं, चोळी, बाळाचं अंगडं-टोपडं आणि करंडीभर पानं घेऊन. जायला तेव्हा कुणी अडवत नव्हतं. परतीला अडवतात हे त्यांना कराचीत उतरल्यावर कळलं. आपल्या सरकारची तिथे कचेरी होती, तिच्यापुढे ही लांब रांग. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने मालकांना विचारलं, कधी आलास? मालकांनी सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे कायदा झाल्यावर आलास. राहायलाच आलास तू.

"बायकुला न्यायला आलुया," मालक म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

वर्षभर आणि वर काही महिने आम्ही त्या रांगेत घालवले. हातावर हात ठेवून बसता येईना म्हणून मालक भावाबरोबर बंदरात मजुरीला जायला लागले, तर तेही त्यांच्या अंगाशी आलं. कामधंदा करतो म्हणजे स्थायिक झाला, असं कागदावर लिहिलं गेलं. शेवटी पन्नास साल उजाडताना मला आणि लेकीला तात्पुरता परवाना मिळाला, तीन महिन्यांचा. मी कायद्याच्या आधी गेलेली, शिवाय बाळंतपणाला, म्हणून. मालकांना नाही मिळाला. बोटीवर एक सोलापूरचं कुटुंब होतं, त्यांच्या हवाली मला करून ते म्हणाले, "तू हो म्होरं. तितं जाऊन कायमचा आर्ज कर. तुझं नाव लागलं की माझं बी लागंल." तेव्हा मला ते पटलं होतं. आगगाडीच्या डब्यांसारखी माणसं एकामागून एक येतील असं वाटलं होतं.

निमगावला आल्यावर सासऱ्यांनी आठवडाही जाऊ दिला नाही. मला घेऊन तालुक्याला गेले. कचेरीपुढे चिंचेखाली एक म्हातारे अर्ज लिहून देत बसायचे. त्यांनी छापील कागद गुडघ्यावर घेतला आणि एकेक रकाना वाचून विचारायला लागले. सातवा रकाना पतीचा होता. नाव काय, कुठे आहे, कुठल्या देशाचा रहिवासी, कसल्या परवान्यावर. नाव विचारल्यावर मी खाली बघत बसले. नवऱ्याचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नाही. मी तोवर कधी घेतलं नव्हतं, लाजेने नव्हे, घ्यायचंच नसतं म्हणून. सासऱ्यांनी नाव सांगितलं आणि म्हणाले, "तो कराचीलाच हाय अजून. परवाना न्हाय मिळाला त्येला." म्हाताऱ्यांनी तसं लिहिलं. त्या दिवशी ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

अंगठ्यासाठी त्यांनी शाईची गादी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, "सही करते." ते बघतच राहिले. बारामतीच्या शाळेत मी चार यत्ता शिकलेली होते. अक्षर माझं चांगलं होतं, आणि त्याचा मला ताठा होता. परतताना सासरे वाटेत भेटेल त्याला सांगत होते, सुनेनं सायबाच्या कागदावर सही केली.

अर्ज पुण्याला गेला आणि तिथेच बसला. निकाल लागेपर्यंत राहायची मुभा होती, पण दर महिन्याला पोलिसांकडे हजेरी लावायची. आम्ही निमगावच्या मळ्यातून पानं घ्यायचो, घरी आणून धुवून निवडायचो, मोठी वेगळी, कळीची वेगळी, डागाळलेली बाजूला, आणि निमगाव, इंदापूर, बारामती असे बाजार करायचो. हजेरीच्या दिवशी मी करंडी घेऊनच जायचे. फौजदारांना पानांची कवळी, म्हणजे मोजून बांधलेली जुडी, द्यायचे, ते घ्यायचे, वहीत लिहायचे, आणि मी पुढे बाजाराला जायचे. मी परकी आहे हे त्या वहीखेरीज कुठेच दिसत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मालक आले.

निमगावचा बाजार होता, भर दुपार. सासरे आणि मी पानं मांडून बसलो होतो. लेक माझ्या मांडीला टेकून डागाळलेल्या पानांशी खेळत होती. समोर एक माणूस येऊन उकिडवा बसला. डोक्याला मुंडासं, पायात वहाणा नाहीत, तोंड उन्हाने काळंठिक्कर. त्याने एक कवळी उचलली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "पानं चांगली हायती." आवाजावरून मी ओळखलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, लेकीकडे बघितलं. सासऱ्यांनी दुसरी कवळी काढून त्यांच्या हातात दिली. हळूच म्हणाले, "घराकडं येऊ नगं. कन्हेरीला आबाकडं जा." मालक उठले आणि गर्दीत मिसळले. कुणीतरी गिऱ्हाईक आलं, मी त्याला पानं मोजून दिली. चुकीची दिली असणार.

ते वाळवंटातून आले होते. कुठपर्यंत गाडीने, पुढे चालत, मग पुन्हा गाडी, शेवटी डाळजपर्यंत मालट्रकमध्ये. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. परवाना नाही, कागद नाही, काही नाही.

कन्हेरीचे आबा माळी होते, सासऱ्यांचे जुने सोबती. त्यांची पाटाच्या पाण्याची बाग होती, वांगी, मिरच्या, कडेला पेरू. मालक तिथे गडी म्हणून राहिले. वाफ्यांना पाणी द्यायला दारं धरायची, खुरपायचं, बारामतीच्या बाजाराला माल पाठवायचा. बारामतीच्या बाजाराच्या दिवशी मी लेकीला घेऊन कन्हेरीवरून जायचे. तासभर बांधावर बसायचे. आबांच्या घरची माणसं त्या वेळी मुद्दाम बागेच्या दुसऱ्या टोकाला कामाला जायची. कन्हेरीत सगळ्यांना माहीत होतं, निमगावातही निम्म्यांना माहीत होतं, आणि एवढ्या माणसांतून एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. गावं वाईट असतात असं मी पुष्कळ ऐकलंय. मला तरी गावाने दगा दिला नाही. जो दिला तो मी दिला, तो पुढे येईल.

पावसाळ्यानंतर चौकशी निघाली. फौजदार वही घेऊन आमच्या दारात आले. सगळे रकाने पुन्हा विचारले.

"नवरा?"

"तितंच हाय," मी म्हणाले.

"पत्र येतं?"

"येतं कधीमधी."

खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. माझी नाही अडखळली. अर्जात पहिलं लिहिलेलं होतं तेच तर मी सांगत होते. सासरे आत पानं निवडत होते, त्यांनी मानही वर केली नाही. फौजदार गेल्यावर एवढंच म्हणाले, "बरं झालं. हाय त्यालाच धरून ऱ्हायचं."

पुढच्या वर्षी निकाल आला. कागद जाड होता, मला वाटलं मंजुरीचा असणार. त्यातला मजकूर मला अजून पाठ आहे. अर्जदार स्त्रीचा पती पाकिस्तानात असल्यामुळे तिचे कायम वास्तव्य तेथेच समजले पाहिजे, सबब अर्ज नामंजूर, एक महिन्याच्या आत मुलीसह देश सोडावा.

मी तो सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचला. आम्ही मालकांना वाचवायला सातव्या रकान्याला चिकटून राहिलो होतो, आणि त्याच रकान्याने मला आणि लेकीला घराबाहेर काढलं. नवरा जिथे, बायको तिथे. यात नवीन काय होतं? याच न्यायाने मी बारामतीहून निमगावला आले होते. फक्त आता माझा नवरा माझ्यापासून सात-आठ कोसांवर वांग्यांना पाणी देत होता, आणि कागद मला त्याच्याकडे जायला म्हणून समुद्रापलीकडे पाठवत होता. मला हसू आलं. सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पदर तोंडाला लावला.

त्या बाजाराच्या दिवशी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ की मग. मी तुझ्या संगं येतो." मी म्हटलं, "आन पुन्हा?" पुन्हा त्या वाळवंटातून यायची त्यांच्यात ताकद नव्हती, हे त्यांच्या पायांकडे बघितलं तरी कळत होतं. आणि मला त्या रांगेत पुन्हा उभं राहायचं नव्हतं. मला निमगावात राहायचं होतं, त्यांच्यासकट. एवढंच मागणं होतं माझं, फार मोठं नव्हतं.

महिन्यातले दहाबारा दिवस गेल्यावर मी सासऱ्यांना न विचारता लेकीला घेऊन बारामतीला वरच्या साहेबांकडे गेले. साहेब बदलून नवे आले होते. तरुण होते, चष्मा लावायचे. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं, हे आधी कुणी केलं नव्हतं. कागद नीट वाचला.

"बाई, नवरा तिकडे आणि बायको इकडे, हे सरकार धरत नाही," ते म्हणाले. "तुमचं घर म्हणजे नवऱ्याचं घर."

"घर निमगावात हाय, साहेब. सासरा हितंच हाय."

"सासरा नाही बाई, नवरा. नवरा इथे असता तर गोष्ट निराळी होती."

मी लेकीचं झबलं नीट करत बसले. मग विचारलं, "आन नवरा हितं असला तर?"

त्यांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "असला तर खरं लिहून द्या. कधी आले, कसे आले, कुठे राहतात. मी दोघांचीही शिफारस करतो. तुम्ही लपवलंत आणि उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

माणूस खोटा नव्हता. हे मी तेव्हाही ओळखलं आणि पुढे तसंच निघालं.

या कचेरीपुढेही एक अर्ज लिहिणारे म्हातारे बसत. मी त्यांना काय लिहायचं ते सांगितलं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, थांबले, कागद घडी करून बाजूला ठेवला. म्हणाले, "बाई, ह्ये माझ्या हातनं लिहून घेऊ नका. घरला जा. सासऱ्याला इचारा, मालकाला इचारा. आन मग या."

कन्हेरी तिथून चालत जाण्याइतकी जवळ होती. विचारून येता आलं असतं. पण मला माहीत होतं, मालक नको म्हणतील, सासरे नको म्हणतील, आणि महिना संपेल. मी म्हटलं, "द्या हिकडं, मी लिहिते." म्हाताऱ्यांनी टाक द्यायला नको म्हणून हात मागे घेतला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

चांगल्या अक्षरात लिहिलं. शाळेत शिकवलं होतं तसं, समास सोडून. माझे पती कन्हेरी येथे बागेत कामास आहेत, त्यांच्याकडे परवाना नाही, ते मला नेण्यासाठी गेले होते, राहण्यासाठी नाही. आणि त्यात त्यांचं नाव लिहिलं. जे मी तोंडाने कधी घेतलं नव्हतं ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, पहिलं, मधलं, आडनाव, सगळं. त्यानंतर पुन्हा कधी लिहिलं नाही. इथेही लिहिणार नाही.

कागद आत देऊन मी थेट कन्हेरीला गेले. मालक फावडं घेऊन वाफ्यात पाणी सोडत होते. लेकीला बांधावर ठेवून मी सगळं सांगितलं, एका दमात. ते ऐकत होते आणि दारं मोडत होते. एक वाफा भरला, त्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "लिहून दिलंस?"

"व्हय."

"नावानिशी?"

"व्हय."

"बरं."

मी म्हटलं, "अजून वेळ हाय. तुमी जायाचं तर जावा कुठं तरी. मी म्हणंन मला ठाव न्हाय."

तेव्हा त्यांनी फावडं टेकवलं. "आन मी पळालो तर तुझा कागद खोटा ठरंल की. मग तुला कोण ठिऊन घेईल? ऱ्हाऊ दे. मी हितंच हाय." आणि पुन्हा पाण्याकडे वळले, कारण वाफा फुटायला आला होता. मी त्या बांधावर ढसाढसा रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, रागेही भरले नाहीत. रागे भरले असते तर आज मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. मालक बागेतच होते. आबांनाही कचेरीत चार खेटे घालावे लागले, परक्या माणसाला ठेवून घेतलं म्हणून. आबा तिथे म्हणाले म्हणे, "माणूस हाय, मैतराचा ल्योक हाय. कागद बघून पाणी पाजायचं व्हय आमी?" हे मला पुढे त्यांच्या सुनेने सांगितलं. आबा मला कधी काही बोलले नाहीत. मी मात्र पुढे बारामतीच्या बाजाराला जाताना कन्हेरीची वाट सोडली.

साहेबांनी शब्द पाळला. दोघांची शिफारस केली. माझी मान्य झाली. मालकांची झाली नाही. कायद्याला त्यांच्या बाबतीत दोनच गोष्टी दिसल्या, की हा मनुष्य कायदा झाल्यावर गेला आणि परवान्याशिवाय आला. त्यांना काही महिन्यांची कैद झाली. मी एकदाच भेटू शकले. गजांपलीकडून त्यांनी पहिलं विचारलं, "लागलं का तुझं नाव?"

"न्हाय अजून."

"लागंल," ते म्हणाले.

लागलं. ते कैदेत असतानाच माझा आणि लेकीचा कायमचा परवाना आला. कैद संपल्यावर त्यांना तिथूनच पोलिसांच्या गाडीने सरहद्दीकडे नेलं. कुठल्या दिवशी नेलं ते आम्हाला मागाहून कळलं. कायमच्या परवान्यावरही पतीचा रकाना आहे. त्यात लिहिलंय, पाकिस्तानात. ज्या शब्दामुळे मला आधी नामंजूर केलं, तोच शब्द मंजुरीच्या कागदावर आहे. यावर मी पुष्कळ डोकं लढवलं. आता लढवत नाही.

सासऱ्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण जेवण झाल्यावर त्यांना विडा करून द्यायचं काम लग्न झाल्यापासून माझं होतं. तांबोळ्याच्या घरात सुनेच्या हाताची चव विड्यावरून ओळखतात. पोलीस कन्हेरीला गेले त्या दिवसापासून त्यांनी डबा स्वतःकडे ओढून घेतला आणि स्वतःचा विडा स्वतः लावायला लागले. रोज, माझ्यासमोर. मी ताट उचलायचे, ते पानाला चुना लावायचे. पुढे दात पडले तेव्हा पान कुटून लागायला लागलं. खलबत्ता त्यांना झेपेना, म्हणून मग मी कुटून द्यायचे. ते घ्यायचे. याला माफी म्हणायचं असेल तर म्हणावं, मी कधी तसं समजले नाही.

मालकांची पत्रं यायची. पहिल्या पत्रांत, तू ये. नंतर पासपोर्ट निघाले, जाता आलं असतं. पण मी गेले असते तर माझा कागद गेला असता, लेकीचा गेला असता, आणि म्हातारा एकटा पडला असता. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांच्या तळाशी आणखी एक आहे, की ज्या कागदासाठी मी नवरा दिला तो कागद मला टाकून देववेना. काही वर्षांनी भावाचं पत्र आलं, मालक तिथे दुसरा निकाह करायचं म्हणतात, पण तुझी हरकत नसेल तरच. आयुष्यात एकदाच कुणीतरी माझ्याकडे परवाना मागितला. मी तो त्याच दिवशी लिहून टपालात टाकला.

लेक मोठी झाली. तिला डाळजला दिली. चांगलं घर आहे, जावई एसटीत आहेत. तिला पहिल्यांदा दिवस गेले आणि सातवा लागला तशी सासरची माणसं वाट बघायला लागली, निमगावहून न्यायला कधी येतात म्हणून. निमगाव ते डाळज काही दूर नाही. सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला घरी परत येतो.

मी न्यायला गेले नाही. कुणाला पाठवलंही नाही. निरोप दिला, लेकीला तिथंच ठेवा, मीच येते. दोन्ही गावांत बोभाटा झाला. आईला लेक जड झाली, लोक म्हणाले. लेकीने तर रडून गोंधळ घातला, उलटा निरोप धाडला, "समद्यांच्या आया न्हेत्यात, तूच कशी अशी?" तिला हे सगळं माहीत होतं, पण माहीत असणं आणि पोटात भीती असणं वेगळं. भीती माझ्या पोटात होती.

डिंक, शेपा, ओवा, कान बांधायची फडकी, सगळं बांधून मी डाळजला गेले आणि व्याह्यांच्या घरात चाळीस दिवस राहिले. मुलीच्या सासरी इतके दिवस जेवायची लाज वाटते, तरी राहिले. विहीणबाई मनाने चांगल्या. एके दिवशी नातवाला मी पायांवर घेऊन तेल लावत होते, तेव्हा त्यांनी न राहवून विचारलं, "इहीनबाई, राग मानू नका, पर निमगाव हितनं किती लांब? न्हेली असती चार दिस तर काय झालं असतं?"

मी म्हटलं, "न्हेली असती. पर परत आणायच्या टायमाला काय कायदा निघालेला आसंल, त्ये कुणी सांगावं?"

त्यांना वाटलं मी थट्टा करते. त्या हसल्या. मी पोराला पालथं घातलं आणि पाठीला तेल लावायला घेतलं.